पोलक्याच्या आतली लाल गाठ

चिंचवडला आमच्या बिल्डिंगखाली विमानतळावर न्यायची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा आईने सगळ्यात आधी ड्रायव्हरला त्याचं नाव विचारलं, मग गाव, आणि मग गाडीचा नंबर शेजारच्या काकूंना मोठ्याने म्हणायला लावला. मी निघाले होते जपानला, कडेवर तीन वर्षांची सई, आणि आईला काळजी मुंबईपर्यंतच्या रस्त्याची. "आई, अगं त्याला ऐकू जातंय," मी म्हटलं. "जाऊ दे की. ऐकू जावं म्हणूनच बोलतेय," ती म्हणाली.

तुमच्यातले जे तिकडेच राहिलात, त्यांना अशी आई नवीन नाही. आणि जे माझ्यासारखे नवऱ्याच्या ऑनसाइटमागे बॅगा भरून निघालात, त्यांच्याही बॅगेत कुणीतरी असंच काहीतरी शेवटच्या क्षणी कोंबलेलं असणार. माझ्या बॅगेत आईने जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला परकर-पोलक्याचा जोड कोंबला. डाळिंबी रंग, हिरवा काठ. मी बघताच ओळखला. तिच्या लग्नातला शालू होता तो.

"शालू कापलास?"

"मग काय करू? तो नेसून मी कुठे मिरवणार आहे आता?" बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "सई सात वर्षांची होईपर्यंत पुरेल. आत भरपूर माया सोडलीय, दुमड्या घातल्यात. उसवून मोठं करत जा. पण तूच कर. परक्या हातात देऊ नकोस."

आई घरी ब्लाउज शिवायची. लग्नाच्याही आधी ती एका दुकानात शिवणकामाला होती, तिथे एका गिऱ्हाइकाचं रेशमी कापड बदललं गेलं आणि आळ आईवर आला. तेव्हापासून हातात येणाऱ्या प्रत्येक कापडाला ती आतल्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. कापड बाहेर गेलं, काजं-बटनाला गेलं, फॉल-पिकोला गेलं, तरी परत आलं की आधी गाठ बघायची. कुणावर जरा विश्वास ठेव म्हटलं की म्हणायची, "विश्वास पानिपतातच गेला." हे वाक्य मी दुधाबरोबर प्यायले आहे, त्यामुळे मी संशयी निघाले यात माझा काही दोष नाही.

जपानमध्ये हिगाशी-कसाईला आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं. मंदार, माझा नवरा, बँकेच्या प्रोजेक्टवर होता. सकाळी जायचा तो सई झोपल्यावर यायचा. दिवसभर मी आणि माझा संशय. खालच्या मजल्यावरची एक बाई मी गोमी टाकून आले की लगेच खाली उतरायची. गोमी म्हणजे कचरा, पण इथे तो जाळायचा वेगळा, न जाळायचा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. माझी खात्री होती की ती माझी पिशवी उघडून बघते. एकदा मी जिन्यात लपून पाहिलं. ती खरंच पिशवी उघडून बघत होती. मंदार म्हणाला, "अगं, तू बाटलीचं झाकण काढत नाहीस, ती काढते बिचारी." असेल. पण बघत होती हे तर खरं ना.

दुसऱ्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. मी सईला मंदारच्या आणि एका मैत्रिणीच्या भरवशावर टाकून धावत जाऊन आले. आई वाचली, पण उजवा हात गेला. शिवणयंत्रावर तिने स्वतःच चादर टाकायला सांगितली. माझ्या कपाटात उशीच्या अभ्र्यात असलेलं ते परकर-पोलकं आता तिच्या हातचं शेवटचं होतं. पुन्हा तसं काही होणार नव्हतं. परत आल्यावर मी ते कपाटात आणखी आत ढकललं.

सई शाळेत जायला लागली आणि वर्गातल्या मुलींचं बघून बॅलेच्या मागे लागली. वर्षाअखेरीला त्यांचा कार्यक्रम, त्यासाठी ड्रेस भाड्याने आलेले. इतक्या मुलींच्या घामाने भिजलेला ड्रेस माझ्या मुलीच्या अंगावर चढवायचा, हे मला पटेना. घरी आणून मी तो आधी उलटा केला. आत हुकांच्या तीन ओळी होत्या, बारीक मुलीसाठी एक, जाड मुलीसाठी एक, मधल्या अंगाच्या मुलीसाठी एक. प्रत्येक शिवणीत सढळ हाताने कापड सोडलेलं. आईने पाहिलं असतं तर मान डोलावली असती. एक हुक निसटला होता, तो मी लावून टाकला.

कार्यक्रम झाल्यावर आठवडाभरात बॅलेच्या टीचरचा फोन आला. ड्रेस शिवणाऱ्या ओगावा-सान, म्हणजे ओगावाबाई, विचारतायत, तो हुक कुणी लावला? मला वाटलं, आता भरपाई मागणार. झालं उलटंच. त्यांना हाताखाली माणूस हवं होतं.

अशी मी ग्योतोकुला जायला लागले, आमच्यापासून तीन स्टेशनं पुढे. आठवड्यातून तीन दिवस, सई शाळेतून यायच्या आत परत. ओगावा-सान सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात. खाली कारखाना, वर घर. सगळीकडे जाळीदार कापडाचे गठ्ठे, भिंतीला कडक झगे उलटे टांगलेले. बोलणं जेमतेम. आणि संध्याकाळी निघताना रोज एक कार्यक्रम: त्या माझ्यासमोर पिनकुशनमधल्या सुया मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी मला थांबवून घ्यायच्या आणि सुई सापडेपर्यंत जमिनीवर लोहचुंबक फिरवायच्या. मी मनात म्हणायचे, बाई, मी पुण्याहून तुमच्या सुया चोरायला आले का? मंदारला सांगितलं तर म्हणाला, "ड्रेसमध्ये राहिली तर नाचणारीला टोचेल ना." हा माणूस कधी माझ्या बाजूने बोलला असेल तर शपथ.

कारखान्याच्या मागे एक खोली होती, तिला कुलूप. किल्ली ओगावा-सानच्या ॲप्रनच्या खिशात.

माझं जपानी सुधारत गेलं तसं त्यांचं बोलणंही थोडं वाढलं. त्या सांगायच्या, लढाई संपली तेव्हा त्या शाळकरी होत्या. शहर जळून गेलेलं, खायला भात नाही, आणि अशात मुलींना बॅलेचं वेड लागलं. जिकडेतिकडे क्लास निघाले. पण कापड कुठाय? मग घरातल्या मच्छरदाण्या कापून झगे केले. ते उभे राहावेत म्हणून समुद्रातल्या शेवाळाची खळ लावायची. सैन्याच्या पॅराशूटचं रेशीम मिळालं तर दिवाळीच. रस्त्यावरही तेच चाललेलं. लढाईच्या दिवसांतल्या त्या ढगळ सुती विजारी बायकांनी फेकल्या आणि सगळ्यांना घेरदार स्कर्ट हवा झाला. शिवणाचे क्लास भरून वाहायला लागले. आयांचे किमोनो उसवून मुली फ्रॉक शिवत होत्या. भिंतीवर फोटो होता, कमरेला घट्ट आणि खाली हा एवढा घेर, अशा झग्यात विशीतल्या ओगावा-सान.

मला हे सगळं थाप वाटायचं. मच्छरदाणीचा झगा घालून कोण नाचतं? आणि फोटो काय, कुणाचाही असू शकतो. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी त्यांनी आपल्या आईचा लग्नातला किमोनो कापला आणि नायिकेच्या झग्याची चोळी शिवली. "छान झाली होती," त्या म्हणायच्या, आणि विषय तिथेच संपायचा. मी मात्र एवढंच लक्षात ठेवलं की ही बाई प्रसंगी सख्ख्या आईचं रेशीम कापते.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही घरी जाणार होतो. झटक्यानंतर सई पहिल्यांदाच आजीला भेटणार होती. फोनवर आईचे शब्द एकात एक मिसळायचे, पण हे नीट कळलं: "पोलकं घालून आण तिला." मी कपाट उघडलं. जूनभर इथे जो ओलसर पाऊस पडतो त्याने आतल्या भिंतीला बुरशी आली होती, आणि तीच अभ्र्यातून थेट शालूपर्यंत पोचली होती. डाळिंबी रेशमावर राखाडी ठिपके. मी तिथेच बसकण मारली.

ड्रायक्लीनिंगवाल्याला द्यायची हिंमत नव्हती. कारखान्यात चांगला उजेड असतो, जेवणाच्या सुट्टीत हळूच पुसून बघावं म्हणून मी जोड तिकडे नेला. ओगावा-सान मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी पोलकं उचललं, खिडकीशी नेलं, उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं, वास घेतला. मग म्हणाल्या, मी स्वच्छ करून देते, ठेवून जा. आता त्या माझ्या मालकीणबाई, वयाने मोठ्या, समोर उभ्या. आपल्याला नाही म्हणता येतं का? मी "हाय" म्हटलं, म्हणजे हो. घरी येईपर्यंत आईचं वाक्य कानात: परक्या हातात देऊ नकोस.

आठवडा गेला. विचारलं तर म्हणाल्या, अजून थोडं. त्याच सुमारास एका मोठ्या कार्यक्रमाचं काम आलं, नायिकेला डाळिंबी चोळी हवी होती. टेबलावर रेशमाचे तुकडे पडलेले असायचे आणि मी प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघायचे. आपलं नाही. हेही नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा अजून थोडं. मागच्या खोलीत त्या एकट्याच जायच्या आणि आतून ओला, समुद्रासारखा वास यायचा. मला झोप लागेना. दिवाळी तोंडावर आलेली.

एका दुपारी दारावर माल आला म्हणून त्या पुढे गेल्या आणि मागची खोली उघडी राहिली. मी आत गेले. लांब लांब फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर चिकटवलेले तुकडे. एका फळीवर पोलक्याचे हात. एकीवर पाठ. एकीवर पुढचे दोन भाग. परकराच्या पट्ट्या, काठ वेगळा, दुमड्या सगळ्या सुटलेल्या. आईची एक टीप म्हणून शिल्लक नव्हती.

ओगावा-सान आल्या तेव्हा मी ओरडत होते. मराठीत. जपानी कळायला लागलं होतं, पण बोलताना मला तेव्हा फक्त आभार मानता यायचे आणि माफी मागता यायची, भांडायला आईचीच भाषा लागते. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण "सगळ्या जगात तुम्हाला माझ्याच आईचं मिळालं का कापायला" एवढं आठवतं. त्या हलल्या नाहीत. काहीतरी सांगत होत्या, मी ऐकलं नाही. त्या दिवशी सुया मोजायला न थांबता मी निघाले आणि ग्योतोकुच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून ढसाढसा रडले. दोन ट्रेन सोडल्या.

मंदारने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती. तुझं क्लीन आणि त्यांचं क्लीन वेगळं होतं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. कामावर जाणं बंद केलं. आईला फोनवर सांगितलं, हो, पोलकं आणतेय. दुसरं काय सांगणार?

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. ओगावा-सान. ग्योतोकुहून आलेल्या, करड्या किमोनोत, हातात कापडात बांधलेलं बोचकं. दारातच इतक्या खाली वाकल्या की मलाही वाकावं लागलं. मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला, आणि माझं सगळं लक्ष बोचक्याकडे.

आत परकर-पोलकं होतं. पुरं, शिवलेलं. एक ठिपका नाही. रेशीम असं ताठ आणि तजेलदार की शालू आईच्या लग्नात असाच दिसला असणार. दुमड्या सईच्या मापाने सोडलेल्या, आणि पाठीला झग्यांना असतात तशा हुकांच्या तीन ओळी.

कुणीही भलं माणूस आधी आभार मानतं. मी काय केलं, तर त्यांच्यासमोर पोलकं उलटं केलं आणि काखेच्या शिवणीत, आत सोडलेल्या कापडावर, गाठ शोधायला लागले. कापड बदललं असलं तर?

गाठ होती. आणि आईचीच होती. दोरा थोडा फिका पडलेला, दोनदा वळवून मागे खेचायची तिची पद्धत मी हजार गाठींत ओळखेन.

ओगावा-साननी माझं बोट कुठे थांबलं ते पाहिलं. मग हळू, सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांच्याकडे किमोनो मुळापासून धुवायचा तर तो पूर्ण उसवतात. तुकडे वेगळे धुतात, खळ लावून फळीवर ताणून वाळवतात, पुन्हा शिवतात. सगळे तुकडे सरळ असतात, म्हणून कितीही वेळा उसवा, कापड परत येतं. "मी आईचा किमोनो उसवला नाही, कापला," त्या म्हणाल्या. "चोळीच्या गोल तुकड्यांतून तो परत आला नाही. तुमचं रेशीम मी कापलं नाही."

मग त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. लढाईच्या दिवसांत आया आणि बहिणी पांढरी पट्टी घेऊन स्टेशनाबाहेर उभ्या राहत. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्यावर लाल दोऱ्याची एक गाठ मारून पुढे जाई. अशा हजार गाठी झाल्या की ती पट्टी लढाईवर जाणाऱ्या मुलाच्या कमरेला बांधायची, तो सुखरूप घरी यावा म्हणून. त्यांच्या थोरल्या भावाच्या पट्टीवर त्यांनीही एक गाठ मारली होती. भाऊ परत आला नाही. "तुमच्या आईंनी मुलगी परत यावी म्हणून मारली ना? सगळं उसवलं, पण ही कशी सोडवणार. हिच्या भोवतीनेच धुतलं."

मी हो म्हटलं. या वेळी मात्र समजून. कापड चोरीला जाऊ नये म्हणून आहे ती, हे त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पूर्ण प्यायला.

चिंचवडला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सई परकर-पोलकं घालून आजीच्या पलंगाशी उभी राहिली. आईने आधी तिला डोळे भरून पाहिलं. मग डाव्या हाताने तिला जवळ ओढलं, पोलक्याची कड उलटी केली आणि शिवण चाचपली.

"ही टीप माझी नाही," आई म्हणाली. जीभ जड, पण नजर तीच. "कुणाला दिलंस?"

मी सगळं सांगितलं. बुरशी, फळ्या, माझी ओरड. आई ऐकत ऐकत बोटं आत सरकवत होती, काखेपाशी पोचली आणि थांबली. "शिवण सगळी परकी. गाठ तेवढी माझी." मग मी तिला त्या पट्टीचं आणि हजार गाठींचंही सांगितलं. मला वाटलं हसेल, म्हणेल, त्या बाईला सांग, मी काही एवढी देवभोळी नाही.

आई हसली नाही. गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. "बरोबर आहे की तिचं," ती शेवटी म्हणाली. "परत यावं म्हणूनच मारत होते."

जाऊन आल्यावर मी कारखान्यात पुन्हा जायला लागले. ओगावा-सान रोज सुया मोजत राहिल्या, मी रोज मनात चरफडत राहिले. एकदा त्यांनी मागच्या खोलीतला तो पहिला झगाही दाखवला. वर त्यांच्या आईच्या किमोनोची चोळी, खाली खरंच मच्छरदाणी होती. मी उलटा करून बघितला.

आता आई नाही. ओगावा-सानही नाहीत, कारखान्याच्या जागी सायकलींचा स्टँड आहे. आम्ही ग्योतोकुलाच घर घेतलं. तिकडचे विचारतात, परत कधी येणार? इकडचे विचारतात, तुमचं घर नक्की कुठलं? आधी मला वाटायचं, यांना काय करायचंय, का विचारतात. आता वाटतं, जिथे कुणीतरी तुमची शिवण उलटी करून बघतं, परत आलात ते तुम्हीच ना याची खात्री करतं, ते घर. तसं चिंचवडला एक होतं. इथे आता ते काम माझ्याकडे आलंय.

गेल्या महिन्यात सई नोकरीसाठी कावासाकीला राहायला गेली. इथून तासाभराचा प्रवास, पण वेगळी खोली, वेगळी किल्ली. तिचा नवा कोट मी आदल्या दिवशी उलटा केला आणि अस्तराच्या आत लाल दोरा घातला. निघताना तिच्या हाताला ती गाठ लागली.

"आई, कोरे नानी?" हे काय आहे, म्हणून विचारलं तिने. ती घरात जपानीच बोलते, मी मराठीत उत्तर देते.

"खूण आहे. कुणी कोट बदलला तर कळायला."

इथे कुणी कुणाचा कोट नेत नाही, असं तिने मला जपानीत नीट समजावून सांगितलं. मी म्हटलं, असू दे. कुठली ट्रेन, कुठे बदलणार, पोचलीस की मेसेज कर. ट्रेनच्या ड्रायव्हरचं नाव विचारायची सोय असती तर तेही विचारलं असतं.

ती बूट घालून दारात थांबली, कोटाच्या आत हात घालून गाठ चाचपली, आणि अचानक मराठीत म्हणाली, "आणि मीच हरवले तर?"

"मग कोट घालून हरव," मी म्हटलं.